गाडीवान नव्हे, मालक

मानवतच्या जिनात मी किती हंगाम गाडी हाकली ते आता नीट आठवत नाही, पण तेवढ्या काळात मला तिथं कुणी गाडीवान म्हटलं नाही हे पक्कं आठवतं. मला मालक म्हणायचे. मुनीम म्हणायचा, मुकादम म्हणायचा, फाटकावर बंदूक घेऊन बसणारा चाऊससुद्धा "आव मालिक" म्हणून फाटक उघडायचा. आमच्या घराण्यात एवढी इज्जत कुणाला मिळाली नव्हती. माझ्या बापाला गावचा पाटील "ए" म्हणून हाक मारायचा आणि बाप धावत जायचा. मी मात्र मालक. धावत मीही जायचो, ते सोडा.

निजामाचं राज्य होतं, मोठी लढाई अजून लागायची होती. जिनात कापसाची सरकी निघायची, मग रुई दाबून तिच्या गठाणी बांधायच्या आणि त्या गठाणी रेल्वेच्या वाघिणीत भरायच्या. स्टेशन गावापासून लांब, कारण रूळ टाकणाऱ्यानं मानवतला विचारलं नव्हतं. जिन ते स्टेशन माल न्यायचा बैलगाडीनं. आता एवढी मोठी कंपनी, वाफेच्या बंबाची चिमणी दोन कोसांवरून दिसायची, पण तिच्या मालकीची एक बैलगाडी नव्हती. कशाला ठेवील? गाडी म्हटली की बैल आले, बैल म्हटले की कडबा आला, दुखणं आलं, मरण आलं. त्यावर कंपनीनं फार स्वस्त औषध शोधलं होतं. ज्याचे बैल त्यालाच मालक म्हणायचं.

पहिल्या दिवशी मुनीमानं मला समोर बसवून सुपारी दिली. गोड माणूस. रागावला तरी आवाज चढायचा नाही. म्हणाला, "हे बघा, तुम्ही आमचे नोकर नाही. नोकराला हुकूम असतो, तुम्हाला हुकूम नाही. गाडी तुमची, बैल तुमचे, मर्जी तुमची. आम्ही फक्त माल देणार." मी छाती फुगवून घरी आलो. बायको अंगणात ज्वारी पाखडत होती. तिला सगळं सांगितलं.

"मंग उद्या कवा जायचंय?" तिनं विचारलं.

"कोंबडं आरवायच्या आत. मुकादमानं सांगितलंय."

"मालकाला?" ती म्हणाली आणि सूप आपटलं. तिला माझं कौतुक कधी बघवलंच नाही.

मालकीचे कायदे हळूहळू कळायला लागले. गाडी माझी, पण तिच्या मागच्या फळीवर कंपनीनं लाल रंगात नंबर काढला. तो पुसला तर फाटकात यायचं नाही. गाडी माझी, पण तिच्यात दुसऱ्याचं पोतं घालायचं नाही. येताना गाडी रिकामी असली तरी नाही. एकदा स्टेशनवरून परत येताना मी गावातल्या एका बाळंतिणीला आणि तिच्या आईला गाडीत बसवलं. दुसऱ्या दिवशी मुनीम हसत म्हणाला, "मालक, तुम्ही सवाऱ्या वाहा, आमचं काही म्हणणं नाही. आम्ही माल दुसऱ्याला देऊ." बैल माझे, पण त्यांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढायला लावल्या, कारण वाटेवर मॅनेजर साहेबाचा बंगला होता आणि साहेब दुपारी झोपायचा. मुक्या बैलांना आणखी मुकं करून आम्ही मालक लोक चोरासारखे त्या बंगल्यावरून जायचो. भाडं कंपनीच ठरवायची. मालकांना कशाला त्रास?

आणि नागा. नागा म्हणजे एखाद्या दिवशी न येणं. नोकराची नागा झाली तर त्याचा त्या दिवसाचा पगार कापायचे, संपलं. आम्ही नोकर नव्हतो, म्हणून आम्हाला नागा माफ होती. बैलाला बरं नाही, घरी मयत झाली, काहीही असो, मुनीम म्हणायचा, "तुमची मर्जी, मालक." मग आठवडाभर तुमचा नंबर पुकारला जायचा नाही. फाटकाबाहेर बैल सोडून बाभळीखाली बसून राहा, स्वतःच्या मर्जीनं. एकदा असा बसलो, पुन्हा नागा करायचं नाव घेतलं नाही. बैल धापा टाकायचे, तोंडाला फेस यायचा, तरी जुपायचो. मालकाला सुट्टी परवडत नाही.

दसऱ्याची गंमत सांगितली पाहिजे. दसऱ्याला जिनात बंबाची पूजा असायची. झेंडूच्या माळा, नारळ, सगळं. पूजा झाली की नोकरांना एकेक धोतर मिळायचं. आम्ही गाडीवाले रांगेत उभे राहिलो तर मुकादम म्हणाला, "तुमी कशाला रांगेत? तुमी काय नोकर हाव का?" बरोबर आहे. आम्ही शरमलो. मग आमच्यातल्या शहाण्यांनी विचार केला, आणि शहाण्यांत मी पहिला. नोकर नाही म्हणजे व्यापाऱ्यांतले. आत बैठकीत व्यापारी बसले होते, गाद्या-लोड घातलेले, अत्तर लावणं चाललं होतं. आम्ही वहाणा बाहेर काढल्या, पाय धोतराच्या सोग्याला पुसले आणि जाऊन गादीवर बसलो. मी तर लोडाला टेकलो. एक अडत व्यापारी माझ्याकडं बघून असा सरकला की जणू गादीवर म्हैस बसली. मुनीमानं आवाज चढवला नाही. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मालक, बैल सुटलेत वाटतं तुमचे, बघा जरा." आम्ही बघायला बाहेर आलो. बैल जागेवर होते. आतलं दार लागलं होतं. धोतरही नाही, अत्तरही नाही, आमची तेवढी बोळवण झाली.

हे सगळं मी हसून सांगतोय, कारण इथपर्यंत हसण्यासारखंच होतं. माझ्या बैलजोडीतला तांबडा घरच्या गाईचा. तो पंधरवड्याचा असताना गाय गेली. बायकोनं त्याला बोटानं पेज चाटवून जगवला. आमचं पहिलं पोर त्याच साली गेलं होतं, म्हणून ती त्या वासराला जरा जास्तच बिलगली. पांढरा तिच्या माहेरहून आलेला. जमीन म्हणाल तर भावकीत वाटून माझ्या वाट्याला खडकाचा तुकडा होता. म्हणजे आमचं जे काही होतं ते त्या दोन जनावरांच्या खांद्यावर होतं.

माघ महिना होता. दुपारपासून आभाळ भरलेलं, वरच्या अंगाला अवकाळी पाऊस पडून गेला होता. माझ्या गाडीत गठाणी चढल्या आणि मुकादम आला.

"वाघीण संध्याकाळच्या मालगाडीला लागायलीय. ओढ्याकडून जावा."

"ओढ्यात गाळ असंल मुकादम. सडकंनं जातो."

"सडकंनं गाडी गाठत न्हाई."

"मंग उद्या सकाळी नेतो."

मुकादमानं तोंडातलं पान दुसऱ्या गालात घेतलं. "तुमची मर्जी, मालक. उद्या तुमचा नंबर लागंल का न्हाई, ते मी काय सांगू?"

मी ओढ्याकडं वळलो. काळ्या मातीचा गाळ ज्यानं बघितला नाही त्याला सांगून कळायचं नाही. चाक एकदा रुतलं की जमीन ते गिळायलाच बसलेली असते. मधोमध आल्यावर उजवं चाक आखापर्यंत गेलं. बैलांनी जोर लावला आणि आख मोडला. गाडी कलंडली, जू तांबड्याच्या मानेवर पडलं, तो गुडघ्यावर बसला आणि त्याचं तोंड पाण्यात गेलं. गाडी पुरती आडवी होऊ द्यायची नाही म्हणून मी खांदा देऊन धरून ठेवली होती. ती तशीच धरली असती तर गठाणी वाचल्या असत्या आणि बैल बुडाला असता. मी विळा घेतला आणि बैलांना जुवाशी बांधणाऱ्या जुपण्या कापल्या. बैल मोकळे झाले, गाडी उलटली, गठाणी पाण्यात. मालक म्हणून इतक्या दिवसांत मी स्वतःच्या मर्जीनं केलेली ती एवढी एकच गोष्ट.

रुई काळी झाली होती, चिखलानं भरली होती. मुनीमानं येऊन बघितलं. तोंडातून वाईट शब्द नाही. "मालक, तुमच्या गाडीनं आमचा माल बुडवला," तो म्हणाला. मी म्हणालो, मुकादमानं ओढ्याकडून पाठवलं. मुकादम शेजारीच होता. तो म्हणाला, "मी कोण सांगणार? मालकांची मर्जी." नुकसान भरून द्या, नाही तर बैलजोडी जमा करा, असं ठरलं. भरून देण्यासारखं माझ्याकडं काय होतं, हे मुनीमाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी जोडी द्यायला नकार दिला. कंपनीनं पाथरीच्या अदालतीत दावा लावला.

पाथरीला कचेरीबाहेर लिंबाखाली अर्ज लिहिणारा एक म्हातारा बसायचा. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर सारला. "एकच गोष्ट ध्यानात ठेवा. नोकरानं हुकुमानं केलेलं नुकसान धन्याच्या अंगावर पडतं. मालकानं केलेलं त्याच्या स्वतःच्या. मुन्सफ साहेबापुढं एकच म्हणायचं, मी कंपनीचा नोकर. बैल वाचले तर ह्याच्यानंच वाचतील."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. एरवी तिला हसू आलं असतं, तेव्हा आलं नाही.

"म्हणा की मंग," ती म्हणाली. "नोकर म्हटल्यानं काय अंगाला भोकं पडत्यात का?"

तारखेच्या दिवशी आम्ही आमच्याच गाडीत पाथरीला निघालो. नवा आख उसना घेऊन बसवला होता. तीही संग आली, ऐकेचना. वाटभर मी घोकत होतो, मी नोकर, मी नोकर, मी कंपनीचा नोकर. शाळेत गेलो असतो तर पाढे पाठ झाले असते. ती मधूनच विचारायची, "कोण हाव तुमी?" मी म्हणायचो, "नोकर." "हां," म्हणून ती तांबड्याच्या पाठीवरच्या माशा हाकलायची.

अदालतीचं कामकाज उर्दूत. साहेब वयस्कर, शेरवानीतले, चांगले वाटले. आधी माझा चुलतभाऊ साक्षीला उभा राहिला. तोही जिनात गाडी हाकायचा. मुकादम रोज वाट ठरवून देतो, हे तो सांगणार होता, तसं त्यानं माझ्या ओसरीवर बसून कबूल केलं होतं. कंपनीच्या वकिलानं त्याला एकच विचारलं, "तू नौकर है के मालिक?" माझ्या भावानं मागं बसलेल्या मुनीमाकडं बघितलं. मुनीम गोड हसला. भाऊ म्हणाला, "मालिक." मी त्याला दोष देत नाही असं म्हणायची पद्धत आहे. मी देतो. त्याच्या मयतीला गेलो होतो तेव्हाही देत होतो.

मग मी. साहेबाचा कारकून, पेशकार, उर्दूतलं मराठीत सांगत होता. मी घोकलेलं धडाधड म्हटलं. मी नोकर. हुकूम मुकादमाचा. वाट त्यांची, वेळ त्यांची, भाडं त्यांचं, घुंगरं काढली ती त्यांच्या सांगण्यानं. साहेबानं मान हलवली, कलम उचलली. माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात वकील उठला. आमच्याच भागातला होता, आमची चालरीत जाणून होता. तो म्हणाला, हुजूर, ही कुणबी माणसं कचेरीत शपथेवर काहीही बोलतील. पण बैलाच्या पाठीवर हात ठेवून खोटं बोलत नाहीत. ह्याची जोडी बाहेर उभी आहे.

ते खरं होतं. आमच्याकडं बांधाचं भांडण असो की चोरीचा संशय, बैलाच्या पाठीवर हात ठेवला की विषय मिटायचा. खोटं बोलणाऱ्याच्या दावणीला जनावर टिकत नाही, अशी आमची समजूत. साहेबाला मजा वाटली असावी. ते बाहेर ओसरीवर आले, त्यांच्या मागं सगळी कचेरी. मी जाऊन तांबड्याच्या पाठीवर हात ठेवला. पलीकडं बायको दावं धरून उभी होती.

मी मनाशी तयार होतो. विचारू दे, नोकर का मालक. नोकर म्हणेन. ते खोटं नव्हतंच.

वकिलानं ते विचारलंच नाही. त्यानं विचारलं, "हा बैल कोणाचा?"

आता काय सांगू? त्याला कंपनीचा म्हणू? ज्याला पेज चाटवून वाढवलं, त्याच्या पाठीवर हात ठेवून, जिनं वाढवलं तिच्यासमोर? तांबड्यानं मान वळवून माझा दंड चाटला. त्याला मीठ लागत असेल घामाचं. मी बायकोकडं बघितलं. ती ओठ आवळून मान हलवत होती, नाही म्हणा, नाही म्हणा. ती हलवत होती खरी, पण मी नाही म्हटलं असतं तर तिनं मला जन्मभर घरात घेतलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

"माझा," मी म्हणालो.

"आणि तो पांढरा?"

"माझा."

"मग ह्यांचा मालक कोण?"

"मी."

"जुपण्या कोणाच्या हुकुमानं कापल्या?"

"हुकूम कशाला लागतो? माझा बैल बुडायला होता."

वकील साहेबाकडं वळून वाकला. लिंबाखालच्या म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारलेला मला तिथून दिसला. बैल माझेच आहेत हे अदालतीत शाबीत झालं, आणि शाबीत झालं म्हणून ते माझे राहिले नाहीत. इतका साफ निकाल मी पुन्हा कधी बघितला नाही. जोडी कंपनीकडं गेली, गाडी तेवढी माझ्याकडं राहिली. ती आम्ही दोघांनी ओढत आणली असती, पण चुलतभावानं स्वतःचे बैल जुपून दिले. मी त्याच्याशी बोललो नाही. बायको वाटभर रडली नाही. घरी आल्यावर तिनं रिकाम्या दावणीत रोजच्यासारखा कडबा टाकला आणि मग तिला काय झालं कुणास ठाऊक, तिथंच बसून राहिली.

आठवडा गेला आणि जिनातून बोलावणं आलं. तांबडा दुसऱ्या कुणाच्या हातानं चालेना. फाटकात बसला की बसला, शेपूट पिरगाळा नाही तर काठी मारा. मुनीम म्हणाला, "आता जोडी कंपनीची झाली. हाकायला माणूस पाहिजे. महिन्याच्या पगारावर राहतोस का?" मालक गेलं, तुम्ही गेलं, एका आठवड्यात तू झालो. जे व्हायला पाथरीपर्यंत घोकत गेलो होतो, ते मला घरबसल्या मिळालं. माझ्या मनात त्याच्या तोंडावर थुंकायचं होतं. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "जावा. तेवढाच त्येंच्या अंगावरनं आपला हात फिरंल."

मी गेलो. मला बघून तांबडा उठला, त्यात नवल नाही. नवल पुढं झालं. उन्हाळा लागता लागता जुवानं त्याचा खांदा सुजला. मी सवयीप्रमाणं हळद-तेल लावलं, जुवाला फडकं गुंडाळलं आणि पहाटे जुपला. माझ्या घरी होता तेव्हा असंच चालायचं. फाटकात मुनीमानं खांदा बघितला, आणि त्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला.

"ह्याला जुपला कुणी? अक्कल आहे का नाही? कंपनीचा बैल आहे हा, मेला म्हणजे भरून कोण देणार?"

त्यानं तिथंच बैल सोडायला लावला. परभणीहून जनावरांचा डॉक्टर, सलोतरी म्हणायचे त्याला, टांग्यानं आणला. सलोतरीनं खांदा धुतला, मलम लावलं, खांदा भरेपर्यंत जू लावायचं नाही म्हणून सांगितलं. त्याला जिनाच्या सावलीत बांधला, पुढं सरकी-पेंड आली. मुकादम जाता-येता त्याला पाणी दाखवायचा. मला म्हणाला, वाघीण थांबंल, त्यात काय, बैल महत्त्वाचा.

संध्याकाळी घरी गेलो. बायको चुलीपुढं होती. तिनं रोजचं विचारलं, "कसा हाय त्यो?" मी सगळं सांगितलं. सलोतरी, मलम, पेंड, सावली. तिनं तव्यावरची भाकर उलटली नाही. ती करपली, तरी तिचं लक्ष गेलं नाही.

"आपल्या घरी अशी सुट्टी त्येला एक दिस मिळाली न्हाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं झालं गेला आपल्याकडून."